मुंबई ते दुबई : किती लांब, किती वेळ?

आपल्या गावातले कुणी दुबईला नोकरीला आहे काय? कोकणात तर असे घर शोधावे लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात दर दोन-चार वाड्यांमागे एखादा मुलगा आखातात असतो. कुणी गवंडी, कुणी सुतार, कुणी गाडी चालवणारा, कुणी दुकानात.

असा मुलगा रजा संपवून परत निघाला, म्हणजे घरात तिकिटाचा कागद येतो. त्यावर लिहिलेले असते : मुंबई, सुटण्याची वेळ १०:००. दुबई, पोहोचण्याची वेळ ११:४०.

घरातले वडीलधारे म्हणतात, “पावणेदोन तासांत दुबई? अरे, एस.टी.नं तालुक्याच्या गावी जायला आम्हाला एवढा वेळ लागतो!”

पुढच्या खेपेस मुलगा घरी येतो. त्या तिकिटावर असते : दुबई, सुटण्याची वेळ २२:००. मुंबई, पोहोचण्याची वेळ ०२:२०. आता आई बोटे मोजते. दहा ते दोन म्हणजे चार तास, वर वीस मिनिटे. “जाताना दीड-पावणेदोन तास आणि येताना सव्वाचार तास? मग येताना विमान लांबच्या वाटेनं येतं की काय?”

शंका अगदी रास्त आहे. वाट तीच आहे. विमानही त्याच जातीचे आहे. मग हा फरक कशाने पडला? तो समजायला दोन गोष्टी कळाव्या लागतात. एक, दोन गावांमधले हवेतले अंतर कसे मोजतात. दुसरी, वेळ कशी मोजतात. आधी अंतराचे पाहू.

पायवाट, गाडीवाट आणि हवेतली वाट

घाटाखालच्या गावातून वर पाहिले, तर घाटमाथ्यावरचे गाव दिसते. वाटते, हे काय, इथेच आहे! पण गाडी निघाली की वळणे घेत घेत जाते. नजरेला जवळ असलेले गाव गाडीला दूर पडते. पायवाटेने गेलात तर अंतर कमी, पण छाती भरून येते. आणि घार? ती खालून उडते आणि सरळ वर जाऊन बसते.

म्हणजे दोन गावांमधले अंतर एकच नसते. कशाने जाणार, त्यावर ते ठरते. आपले पूर्वज कोसात मोजत. एक कोस म्हणजे साधारण दोन मैल, म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या जवळपास. पण एका मुलखाचा कोस दुसऱ्या मुलखाशी जुळत नसे. आता सगळीकडे किलोमीटर आहे, ते बरे झाले.

मुंबई आणि दिल्ली घ्या. राजधानी गाडी मुंबई सेंट्रलहून निघून रुळांवरून सुमारे १३८५ किलोमीटर जाते, तेव्हा नवी दिल्ली येते. हवेतून मोजले तर दोन्ही विमानतळांमध्ये सुमारे ११४० किलोमीटर भरतात. जवळजवळ अडीचशे किलोमीटरची बचत! रेल्वेला बडोदे, रतलाम, कोटा अशी गावे घेत जावे लागते. विमानाला आकाशात गावे नाहीत, नद्या नाहीत, घाट नाहीत.

पण आकाशात मैलाचे दगडही नाहीत. मग हे ११४० किलोमीटर मोजले कुणी? साखळी घेऊन आकाशात कोण गेले?

कुणी गेले नाही. हे अंतर हिशेबाने काढतात.

पृथ्वीवर आखलेल्या रेघा

शेताचा नकाशा तुम्ही पाहिला असेल. तलाठ्याकडे असतो. त्यात प्रत्येक बांधाची जागा ठरलेली असते. तशीच सगळ्या पृथ्वीची जागा ठरवण्यासाठी शास्त्रज्ञांनी तिच्यावर मनाने रेघा आखल्या आहेत. आडव्या रेघांनी उत्तर-दक्षिण जागा कळते. त्यांना अक्षांश म्हणतात. उभ्या रेघांनी पूर्व-पश्चिम जागा कळते. त्यांना रेखांश म्हणतात. शाळेत पृथ्वीचा गोल असतो, त्याच्यावर या रेघा काढलेल्या दिसतील. गुरुजींना सांगून एकदा हातात घेऊन पाहा.

पृथ्वीचा पुरा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. हा आकडा असा गोल कसा आला? फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी १७९० नंतरच्या वर्षांत मीटर ठरवला, तोच मुळी पृथ्वीच्या मापावरून. उत्तर ध्रुवापासून पृथ्वीच्या मध्यरेषेपर्यंतच्या अंतराचे एक कोटी भाग केले, आणि एका भागाला मीटर म्हटले. म्हणून पाव घेर दहा हजार किलोमीटर, आणि पुरा घेर चाळीस हजार. कापडाच्या दुकानातला मीटर हा असा पृथ्वीच्या पाठीवरून आलेला आहे.

घेराचे ३६० भाग करतात. एका भागाला अंश म्हणतात. ४०,००० ला ३६० ने भागा. सुमारे १११ येतात. म्हणजे उत्तरेकडे एक अंश गेलो की १११ किलोमीटर गेलो.

आता मुंबई-दिल्लीचा हिशेब कागदावर करू. प्रत्येक विमानतळाचा एक बिंदू ठरवलेला असतो. नागपूरला शून्य मैलाचा दगड आहे ना, तसाच समजा. मुंबईचा बिंदू १९ अंश उत्तरेला आहे आणि दिल्लीचा साडेअठ्ठावीस अंशांवर. फरक साडेनऊ अंशांचा. साडेनऊ गुणिले १११ म्हणजे साधारण १०५० किलोमीटर. दिल्ली मुंबईच्या एवढी वर, उत्तरेला आहे.

दिल्ली थोडी पूर्वेलाही आहे. मुंबई जवळजवळ ७३ रेखांशावर, दिल्ली ७७ रेखांशावर. बारीक मोजले तर फरक सव्वाचार अंशांचा भरतो. पण इथे सव्वाचारला १११ ने गुणायचे नाही, बरं का! का? कलिंगडाची फाक आठवा. फाक मध्ये रुंद असते आणि टोकांना निमुळती होते. रेखांशाच्या रेघांमधली जागाही तशीच आहे. मध्यरेषेवर एका अंशाची रुंदी १११ किलोमीटर असते. मुंबईच्या आडव्या रेघेवर ती १०५ होते. दिल्लीला ९८ च्या आसपास. दोन्हींच्या मधली रुंदी घेऊ, सुमारे १०१. सव्वाचार गुणिले १०१ म्हणजे साधारण ४३० किलोमीटर.

आता कागद घ्या, पट्टी घ्या. शंभर किलोमीटरला एक सेंटीमीटर धरा. खालून वर साडेदहा सेंटीमीटरची उभी रेघ काढा. तिच्या वरच्या टोकाहून उजवीकडे काटकोनात चार सेंटीमीटर आणि तीन मिलिमीटरची आडवी रेघ काढा. गवंडी गुण्या लावून काटकोन साधतो, तसाच नेमका साधा. उभ्या रेघेचे खालचे टोक मुंबई. आडव्या रेघेचे उजवे टोक दिल्ली. मुंबई ते दिल्ली पट्टी तिरकी लावा. साडेअकरा सेंटीमीटरला थोडेसे कमी भरेल. म्हणजे ११४० च्या आसपास किलोमीटर. मोठमोठी यंत्रे जो आकडा देतात, तो तुम्ही पेन्सिल-पट्टीने घरात काढला!

लांबच्या गावांना मात्र कागद पुरत नाही. पृथ्वी गोल आणि कागद सपाट. संत्र्याची साल काढून पाटावर दाबून सपाट करा, ती फाटते तरी किंवा ताणते तरी. नकाशाचे तसेच होते. तो कुठे ना कुठे ताणलेला असतो. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ काढली, तर ती अरबस्तान आणि आफ्रिकेच्या उत्तर अंगाने जाते. पण पृथ्वीच्या गोलावर दोरा धरून ताणा. दोरा आपोआप वर, उत्तरेकडे सरकतो. मध्य आशियावरून, रशियावरून, युरोपच्या उत्तर अंगाने जातो आणि मग समुद्र ओलांडतो. तीच खरी जवळची वाट. डोळ्यांना ती वाकडी दिसते, दोरा मात्र खोटे बोलत नाही.

दोऱ्याची ही युक्ती कुणालाही करता येते. आधी दोरा गोलाच्या पोटावरून, मध्यरेषेवरून एक वेढा द्या आणि मोजा. समजा, तो १०० सेंटीमीटर भरला. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटीमीटर म्हणजे ४०० किलोमीटर. आता मुंबई ते दुबई दोरा ताणून धरा. पाच सेंटीमीटरला थोडा कमी भरेल. हिशेबाने हे अंतर सुमारे १९३० किलोमीटर आहे. मुंबई ते लंडन धरा. अठरा सेंटीमीटर, म्हणजे ७२०० किलोमीटर.

हा आकडा विमान चालवणाऱ्याला फार मोलाचा असतो. त्यावर तो इंधन घेतो. वाटेत पेट्रोलचा पंप नाही! जाण्यापुरते इंधन तर घ्यायचेच. पण उतरायच्या गावी पावसाने काही दिसेना, तर दुसऱ्या विमानतळावर जाता येईल एवढे जास्तीचे घ्यायचे. शिवाय तिथेही अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढे उरले पाहिजे. हा नियम आहे. मुंबईत पावसाळ्यात विमाने अहमदाबादला किंवा दुसरीकडे वळवावी लागतात, तेव्हा हेच राखून ठेवलेले इंधन शेकडो माणसांचा जीव सांभाळते.

वेळ जास्त का लागतो?

मोठे विमान हवेत तासाला ८०० ते ९०० किलोमीटर जाते. आपण ८५० धरू. दुबई १९३० किलोमीटर. भागाकार केला तर सव्वादोन तास येतात. पण मुलगा सांगतो, “तीन तास दहा मिनिटं लागली.” मग वरचे पाऊण तास-तासभर कुठे गेले?

एस.टी.चेच पाहा. रस्त्यावर गाडी साठाच्या वेगाने पळते. पण साठ किलोमीटरवरचे गाव एका तासात येते काय? नाही. आगारातून गाडी मागे घ्यायची, गर्दीतून बाहेर काढायची, थांबे घ्यायचे, घाटात हळू चालवायचे. विमानाला थांबे नसतात, पण बाकीचे सगळे असते.

तिकिटावरची वेळ विमान उडाल्यापासून मोजत नाहीत. उतारावर ट्रक उभा केला की चाकामागे दगड लावतो, तसे उभ्या विमानाच्या चाकांना अडसर लावतात. ते काढून विमान जागचे हलले की वेळ सुरू. दुसऱ्या गावी जाऊन विमान जागेवर उभे राहिले, चाकांना अडसर लागले, की वेळ संपली. मधल्या वेळात विमान जमिनीवरून सावकाश चालत धावपट्टीपर्यंत जाते. पुढे चार विमाने असली तर रांगेत उभे राहते. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकच वापरता येते. चौरस्त्यासारखेच आहे ते. मग रांग लागणारच. कधी कधी विमान मुंबईवर येऊन पोहोचते, पण खाली जागा नसते, म्हणून वरच गोल गोल फिरत राहते. आतला माणूस खिडकीतून घरे पाहतो आणि म्हणतो, आले की गाव, उतरत का नाहीत?

शिवाय चढायला आणि उतरायला वेळ लागतो. दहा-अकरा किलोमीटर उंच जायचे असते. चढताना वेग कमी, उतरताना कमी. ८५० चा वेग मिळतो तो मधल्या वाटेतच. म्हणून मुंबई-दिल्ली भागाकाराने दीड तासाच्या आत बसते, तरी तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपास लिहितात.

आणि एक मोठी गोष्ट आहे वाऱ्याची. खाडीत होडी वल्हवणाऱ्याला हे सांगायला नको. ओहोटीबरोबर खाली जाताना होडी आपोआप पळते. त्याच ओहोटीत वर यायचे तर घाम फुटतो. अंतर तेच, हात तेच. पण पाणी कुणीकडे वाहते, त्यावर वेळ ठरतो. उंच आकाशात वाऱ्याचेही असेच प्रवाह असतात. आपल्या उत्तरेकडच्या आकाशात, विशेषतः हिवाळ्यात, तो वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो. दुबई आपल्या पश्चिमेला. म्हणून जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर.

समजा, वारा तासाला ८० किलोमीटरचा आहे. जाताना ८५० मधून ८० गेले, उरले ७७०. येताना ८५० मध्ये ८० मिळाले, झाले ९३०. जाताना अडीच तास लागतील, येताना दोन तास पाच मिनिटे. नुसत्या वाऱ्याने पंचवीस मिनिटांचा फरक! यात जमिनीवरचा आणि चढण्या-उतरण्याचा वेळ मिळवा. जाताना तीन तास दहा मिनिटे आणि येताना दोन तास पन्नास मिनिटे, हा हिशेब बरोबर जुळतो.

म्हणजे आईचा अंदाज उलटा निघाला. येताना जास्त नाही, कमीच वेळ लागतो.

कधी कधी माणसेही वाट लांब करतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश विमानांना बंद केले. ते जुलै २०१९ पर्यंत बंद राहिले. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झाले. तेव्हा दिल्लीहून युरोपकडे निघालेल्या विमानांना आधी खाली गुजरातकडे यावे लागे आणि मग समुद्रावरून पश्चिमेला वळावे लागे. अंतर वाढले, इंधन वाढले, भाडे वाढले. बांधावरून भांडण झाले आणि शेजाऱ्याने वाट अडवली, म्हणजे आपल्याला वळसा घालून विहिरीवर जावे लागते, तसेच हे.

घड्याळाचे कोडे

आता तिकिटाचे कोडे सोडवू. जाताना लागले तीन तास दहा मिनिटे. पण तिकिटावर दहा ते अकरा चाळीस, म्हणजे एक तास चाळीस मिनिटेच दिसतात. दीड तास कुठे नाहीसा झाला?

नाहीसा झाला नाही. दुबईचे घड्याळच आपल्या घड्याळाच्या दीड तास मागे चालते.

सूर्य पूर्वेला उगवतो. पूर्वेकडच्या गावांना तो आधी दिसतो, पश्चिमेकडच्यांना नंतर. आपल्याकडे न्याहारीची वेळ होते, तेव्हा दुबईत नुकते उजाडत असते. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश, आणि एका अंशाला चार मिनिटे. प्रत्येक गावाने आपापल्या सूर्याचे घड्याळ ठेवले, तर रेल्वेचे वेळापत्रकच बनायचे नाही. म्हणून भारताने साडेब्याऐंशी रेखांशाची एक रेघ धरली. ती उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. तिथल्या सूर्याची वेळ ती सगळ्या देशाची वेळ.

मुंबईने मात्र पुष्कळ वर्षे हे मानले नाही! भारताची एक वेळ १९०६ साली सुरू झाली, तरी मुंबईत मुंबईची वेगळी वेळ १९५५ पर्यंत चालत राहिली. ती ३९ मिनिटे मागे असे. ३९ च का? हिशेब करून पाहा. मुंबई ७३ रेखांशाच्या जरा अलीकडे. साडेब्याऐंशीतून ते वजा केले तर साडेनऊ अंशांहून थोडे जास्त उरतात. दर अंशाला चार मिनिटे. बरोबर ३९ मिनिटांच्या जवळ येते. हट्ट होता, पण सूर्याला धरून होता.

तर तिकिटावरच्या वेळा कशा असतात, हे नीट ध्यानात घ्या. सुटण्याची वेळ असते सुटण्याच्या गावच्या घड्याळाची. पोहोचण्याची वेळ असते पोहोचण्याच्या गावच्या घड्याळाची. मुंबईहून दुबईला जाताना दोन वेळांमधला फरक काढा आणि त्यात दीड तास मिळवा. एक चाळीस अधिक एक तीस, झाले तीन तास दहा मिनिटे. येताना फरक काढा आणि दीड तास वजा करा. चार वीस वजा एक तीस, राहिले दोन तास पन्नास मिनिटे. आईची शंका फिटली.

लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असते. उन्हाळ्यात तिथले लोक सगळी घड्याळे एक तास पुढे करतात, म्हणून तेव्हा फरक साडेचार तासांचा राहतो. दुबईत असे काही करत नाहीत. तिथे बारा महिने दीड तासच.

मध्यरात्रीची तारीख

आता जी गोष्ट सांगतो आहोत, तिच्यात चूक झाली तर पैसा जातो, आणि कधी नोकरीही जाते. म्हणून सावकाश वाचा, आणि समजले नाही तर पुन्हा वाचा.

आखातात जाणारी पुष्कळ विमाने रात्री सुटतात. तिकिटावर वेळ रेल्वेसारखी चोवीस तासांची असते. दुपारी एकला १३:०० म्हणतात. रात्री दहाला २२:००. रात्रीचे बारा वाजले की ००:०० होतात आणि तारीख बदलते. आपल्या बोलण्यात मात्र रात्र संपून सूर्य उगवेपर्यंत दिवस बदलत नाही. झोपून उठलो की नवा दिवस. गोंधळ होतो तो इथे.

समजा, तिकिटावर लिहिले आहे : १५ तारीख, ००:३०. घरातले म्हणतात, “पंधरा तारखेला रात्री साडेबाराचं विमान.” पंधरा तारखेला सकाळी जेवणखाण करून, देवाला नारळ ठेवून, सगळी माणसे गाडी करून निघतात. रात्री विमानतळावर पोहोचतात. दारावरचा शिपाई तिकीट पाहतो आणि म्हणतो, “काका, हे विमान काल रात्रीच गेलं.”

त्या क्षणी त्या मुलाचे काय होत असेल? तिकिटाचे पैसे बहुतेक बुडाले. नवे तिकीट ऐन वेळी महाग पडते. तिकडे मालकाने दिलेली रजा संपलेली. परवान्याची मुदत संपत आली असेल, तर आणखी घोर.

१५ तारखेचे ००:३० म्हणजे १४ तारखेचा दिवस संपून जी रात्र येते, तिच्यातली साडेबारा. आता उलटा हिशेब करू. परदेशाच्या विमानाला तीन तास आधी पोहोचावे. सामान तपासतात, कागद पाहतात, मोहर मारतात. सुटण्याच्या तासभर आधी सामान घेण्याची खिडकी बंद होते, मग कितीही गयावया केली तरी उघडत नाही. साडेबाराच्या आधी तीन तास म्हणजे १४ तारखेचे रात्रीचे साडेनऊ. रत्नागिरीहून मुंबई सुमारे ३३० किलोमीटर. रस्त्याला आठ-नऊ तास धरा. पावसाळा असेल, सणाची गर्दी असेल, तर आणखी दोन तास हाताशी ठेवा. म्हणजे १४ तारखेला सकाळी दहाला घर सोडायला हवे.

आम्ही तर म्हणतो, तिकीट आले की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत घरातून निघायच्या तारखेवरच खूण करावी. विमानाच्या तारखेवर नको.

घ्यायला जाणाऱ्यांनाही हे लागू आहे. दुबईहून १४ तारखेला २२:०० ला सुटलेले विमान मुंबईला ०२:२० ला येते, पण १५ तारखेला. तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात “+१” असे छापलेले असते. त्याचा अर्थ पुढची तारीख. तो बारीक आकडा शोधून पाहा.

आणि विमानतळ कोणता, हेही पाहा. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाभोळी दक्षिणेकडे आणि मोपा उत्तरेकडे. मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. सिंधुदुर्गातल्या माणसाला मोपा जवळ, म्हणून तिकीट दाभोळीचे असताना तो मोप्याला जाऊन उभा राहिला, असे व्हायचे नाही तर काय! मुंबईकडेही तेच. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. म्हणून “मुंबई” एवढे वाचून भागत नाही. तिकिटावर तीन इंग्रजी अक्षरांची खूण असते. जुन्या मुंबई विमानतळाची बी-ओ-एम. नव्याची एन-एम-आय. दाभोळीची जी-ओ-आय, मोप्याची जी-ओ-एक्स. दुबईची डी-एक्स-बी. ही अक्षरे शेजारच्या शाळकरी पोराकडून एकदा वाचून घ्यावीत.

पूर्वी किती वेळ लागे?

जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाच्या थैल्या घेऊन लहानशा विमानाने कराचीहून निघाले. वाटेत अहमदाबादला उतरले आणि दुपारी मुंबईला जुहूच्या मैदानावर आले.  पुढे ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला पहिले भारतीय विमान गेले. ते कैरोला आणि जिनिव्हाला थांबत थांबत १० जूनला लंडनला पोहोचले. आज तेच अंतर न थांबता नऊ-दहा तासांत कापतात. पृथ्वी आखडली नाही. दोरा अजून अठरा सेंटीमीटरच भरतो.

आता दोन गणिते तुमच्यासाठी. आधी स्वतः करा, मग खाली पाहा.

पहिले. हिवाळ्यात मुंबईहून विमान १४:०० ला सुटले. लंडनला तिथल्या घड्याळाने त्याच दिवशी १८:३० ला पोहोचले. प्रवासाला किती वेळ लागला?

दुसरे. दिल्लीहून विमान २० तारखेला २३:०० ला सुटले आणि मुंबईला ०१:१५ ला आले. वेळ किती लागला? तारीख कोणती?

उत्तरे : पहिल्यात फरक साडेचार तासांचा, त्यात साडेपाच मिळवले, म्हणजे दहा तास. दुसऱ्यात दोन्ही गावांचे घड्याळ एकच, म्हणून मिळवायचे-वजा करायचे काही नाही. सव्वादोन तास लागले, आणि तारीख २१.